मार्कंड्याचा दगड, सास्तीचा कोळसा

गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगा एका ठिकाणी उत्तरेकडे वळते. त्या वळणावर मार्कंडा आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेला चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही जिल्ह्यांतून माणसे लोटतात, मार्कंडेश्वराचे दर्शन घेतात, नदीत डुबकी मारतात. विदर्भाचे खजुराहो म्हणून या देवळांची ओळख सांगितली जाते. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम 1873-74 च्या दौऱ्यात इथे आला, तेव्हा त्याने सुमारे 196 फूट लांब आणि 118 फूट रुंद आवारात वीसहून अधिक लहानमोठी देवळे नोंदवली. मुख्य मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवर मूर्तींच्या तीन रांगा एकावर एक फिरल्या आहेत. देव, अप्सरा, योद्धे आणि त्यांच्यामधून डोकावणारे हत्ती-सिंह.

या रांगा जवळून पाहाव्यात. एका मूर्तीच्या कमरेची वळणे सैल, वाहती आहेत. शेजारच्या मूर्तीत तीच वळणे आखडलेली वाटतात. एकाने दागिन्याचा प्रत्येक मणी सुटा काढला आहे, दुसऱ्याने माळेची नुसती कड उठवली आहे. म्हणजे हात वेगळे आहेत. अकराव्या-बाराव्या शतकाच्या आसपास इथे पाथरवटांचे ताफे कामाला होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला भिंतीचा एकेक तुकडा आला होता. सगळ्यांनी मिळून एकच अवाढव्य वस्तू उभी केली. आज मुंबई, कोची किंवा व्हेनिसच्या प्रदर्शनांत जी प्रचंड मांडणशिल्पे दिसतात, त्यांच्यामागचे प्रश्न हेच असतात. वजन कोण पेलणार, तुकडे कसे जुळणार, शेजाऱ्याशी कसे जमवायचे, आणि काम केलेल्यांची नावे कुठे लिहायची.

वजनापासून सुरुवात करू. जुन्या देवळात दगडांच्या मधे चुना नसतो. एका दगडाला कुसू, दुसऱ्याला खाच. वरचा दगड खालच्यात बसतो आणि स्वतःच्या भाराने जागेवर राहतो. छताला खरी कमान नसते. प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवलेला असतो. आत आलेल्या टोकाला खाली कोसळायचे असते, पण त्याच दगडाचे मागचे शेपूट वरच्या थरांनी दाबून धरलेले असते. असे सरकत सरकत थर मध्यावर भेटतात आणि शेवटची शिळा तोंड बंद करते. ही रचना शतकानुशतके टिकते, मात्र मागचा दाब कायम राहायला हवा. मार्कंड्याच्या मुख्य मंदिरावर वीज पडली, शिखराचा वरचा भाग मंडपाच्या छतावर आला, आणि पुढे गोंड राजवटीत कोणीतरी आतून जाड खांब आणि कमानी घालून ते छत सावरले, अशी जुन्या गॅझेटिअरची नोंद आहे. मूळ नाजूक खांबांच्या सोबतीला आलेला हा ओबडधोबड आधार कलाइतिहासाच्या पुस्तकांत विद्रूप ठरतो. मला तो आदरणीय वाटतो. पडणारी गोष्ट पडू न देणे हे शिल्प उभारण्याइतकेच मोलाचे काम आहे.

आता याच परिसरातल्या एका जिवंत कलाकाराकडे येऊ. राजुरा तालुक्यात वर्धा नदीजवळ सास्ती नावाचे गाव आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्सची उघडी खाण गावाला लागून आहे. प्रभाकर पाचपुते यांचा जन्म 1986 मध्ये याच गावात झाला. घरातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या खाणीत राबलेली. पाचपुते खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात शिल्पकला शिकले, मग बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. मुंबईच्या क्लार्क हाउसमध्ये 2012 साली त्यांच्या खाणकामगारांवरच्या चित्रांचे प्रदर्शन झाले आणि तिथून हे नाव देशाबाहेर गेले. 2014 मध्ये साओ पाउलोच्या 31 व्या द्वैवार्षिकात, 2015 मध्ये इस्तंबूलला, 2018 मध्ये कोची-मुझिरिसला आणि 2022 मध्ये व्हेनिसच्या 59 व्या द्वैवार्षिकात त्यांचे काम होते. ही सगळी समूहप्रदर्शने. एकाच छताखाली, एकाच तारखेला, डझनावारी देशांतले कलाकार आपापले काम उभे करतात.

पाचपुते यांचे मुख्य साधन चारकोल, म्हणजे लाकडाचा कोळसा. हवा न लागू देता बारीक काटक्या भाजल्या की उरतो तो काळा, ठिसूळ दांडा. खाणीतला दगडी कोळसा आणि चित्रातला हा कोळसा या दोन वेगळ्या गोष्टी. एक कोट्यवधी वर्षे जमिनीखाली दबलेला, दुसरा काही तासांत भट्टीतून निघालेला. पण दोघांचा काळा रंग भिंतीवर एकच गोष्ट बोलतो. पाचपुते थेट दालनाच्या भिंतीवर चित्र काढतात. माणसांची धडे असतात आणि डोक्याच्या जागी अवजार, दिवा किंवा यंत्राचा भाग. भिंतीवरच्या चित्रापुढे प्लायचे कापलेले आकार, शिल्पे, कधी चलच्चित्र. साओ पाउलोतल्या त्यांच्या कामाच्या नावाचा अर्थ ‘भविष्याचे काळे ढग’ असा होता.

असे काम करणाऱ्याला एक मोठी सोय असते. भिंतभर चित्र विमानाने न्यावे लागत नाही. चित्रकार जातो, भिंत तिथे असते, चारकोल खिशात मावतो. किंमत मात्र मोजावी लागते: प्रदर्शन संपले की भिंत पुन्हा पांढरी होते. चारकोल भिंतीला घट्ट धरत नाही, त्यामुळे प्रेक्षकाची पाठ घासली की खाणकामगाराचा हात पुसला जातो. वर स्थिरक फवारला तर तो टिकतो, पण जास्त फवारला की काळ्याचा मखमली पोत जाऊन चमक येते. भिंतीचे प्लास्टर गुळगुळीत असेल तर कोळसा घसरतो, खरखरीत असेल तर दांडा झिजून जातो. म्हणून कुठलेही भित्तिचित्र सुरू होण्याआधी भिंतीचा हातभर तुकडा घासून, रंगवून, त्यावर रेघ ओढून पाहिला जातो.

मांडणशिल्पाचा उभा भाग याहून अवघड. बहुतेक कलाकार आधी लहान प्रतिकृती करतात. समजा ती 30 सेंटिमीटर उंच आणि 2 किलो वजनाची आहे आणि प्रत्यक्ष शिल्प 3 मीटर उंच हवे आहे. उंची दहापट. त्याच साहित्यात, तशाच भरीव पद्धतीने केले तर वजन वीस किलो होईल असे घाईत वाटते. पण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दहापट वाढल्या, तेव्हा वजन हजारपट होते, म्हणजे 2000 किलो. त्याच वेळी पायाचा तळ फक्त शंभरपट वाढतो. हजारपट वजन शंभरपट तळावर, म्हणजे पायावरचा ताण दहापट. प्रतिकृतीत डौलदार दिसणारा बारीक पाय मोठ्या शिल्पात मोडतो तो यामुळे. हत्तीचे पाय हरणासारखे नसतात त्याचेही कारण हेच. गॅलिलिओने सतराव्या शतकात हा हिशेब मांडला होता. म्हणून मोठे शिल्प जवळजवळ नेहमी पोकळ असते. आत लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर जाळी किंवा बांबूच्या कामट्या, त्यावर प्लास्टर, कापड, कागदाचा लगदा. बाहेरून जे दिसते ते कातडे असते, भार वाहतो तो सांगाडा.

दगड का नको, हेही इथेच कळते. एक घनमीटर वालुकाश्म साधारण 2300 किलोचा. सागवान 650 किलोच्या आसपास. घराच्या जमिनीवर चौरस मीटरला 200 किलो भार धरून आराखडा करतात, तर माणसांची गर्दी होणाऱ्या, खुर्च्या न जखडलेल्या सभागृहासाठी भारतीय मानक चौरस मीटरला सुमारे 500 किलो धरायला सांगते. मघाचे दोन टनांचे भरीव शिल्प वरच्या मजल्यावर न्यायचे झाले, तर त्याचा भार निदान चार चौरस मीटरवर पसरवावा लागेल, आणि भोवती उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकांचे वजन वेगळेच. मार्कंड्याच्या पाथरवटांखाली जमीन होती. आजच्या शिल्पकाराखाली अनेकदा जुन्या गोदामाची फळ्यांची तक्तपोशी असते.

उघड्यावर ठेवायचे असेल तर वारा मोजावा लागतो. 8 बाय 4 फुटांचा प्लाय उभा केला आणि ताशी 60 किलोमीटरचा वारा त्याच्यावर समोरून आला, तर धक्का 50 ते 60 किलो वजनाइतका असतो. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. एप्रिल-मेमधल्या आमच्या वावधनांनी मांडव उडवलेले सगळ्यांनी पाहिले आहेत, त्यामागचे गणित एवढेच. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांपुढे जातो. रात्रीच्या गारव्यात घट्ट आवळलेली 10 मीटर लांब लोखंडी पट्टी तापमान 30 अंशांनी वाढले की साडेतीन मिलिमीटरहून थोडी जास्त लांबते. ऐकायला किरकोळ, पण दोन्ही टोकांना जखडलेली असेल तर तेवढ्यानेच वेल्डिंग तडकते. जाणता फॅब्रिकेटर एका टोकाचे छिद्र गोल न पाडता लांबट पाडतो, म्हणजे बोल्टला सरकायला जागा राहते.

आमच्या भागात यावर एक चांगले उत्तर उगवते. बांबू हलका, पोकळ आणि वाकणारा आहे. निसर्गाने सांगाडा तयारच दिला आहे. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, आणि बुरूड समाजाच्या हातात तर हे ज्ञान कित्येक पिढ्यांचे आहे. बांबूचा खरा शत्रू त्याला पोखरून पीठ करणारा भुंगा. त्याला बांबूतला स्टार्च हवा असतो, म्हणून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात बांबू भिजवतात. छिद्र पेराच्या मधोमध पाडले तर बांबू उभा चिरतो. गाठीला लागून पाडले तर टिकतो. ही गोष्ट कलाशाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला बुरडाच्या अंगणात जास्त चांगली समजते.

मग येतो प्रवास. 20 फुटी कंटेनर आतून जेमतेम 5.9 मीटर लांब आणि 2.35 मीटर रुंद असतो, दाराची उंची त्याहून थोडी कमी. शिल्प कितीही भव्य असो, त्याचा प्रत्येक तुकडा त्या दारातून आणि पुढे दालनाच्या दारातून जायला हवा. त्यामुळे शिल्प कुठे कापायचे हे कल्पनेच्या पहिल्या दिवसापासून ठरवावे लागते. शहाणा कलाकार सांधा अशा ठिकाणी आणतो जिथे आकृतीची घडी, सावली किंवा कपड्याची कड आहे. तुकड्यांना आतून क्रमांक घालतात, वरची बाजू बाणाने दाखवतात, आणि कोणता तुकडा आधी हे कागदावर काढतात. जोडणारी माणसे वेगळ्या देशातली, वेगळ्या भाषेची असू शकतात. तेव्हा चित्रच बोलते. परदेशी पाठवायच्या लाकडी पेट्यांनाही नियम आहे. लाकडातून किडे देशोदेशी जाऊ नयेत म्हणून त्याच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस तापमान सलग 30 मिनिटे पोचवून वर शिक्का मारावा लागतो. शिक्का नसेल तर पेटी बंदरातच अडकते, आणि उद्घाटनाची तारीख पेटीसाठी थांबत नाही.

मार्कंड्याला हेच काम उलट्या दिशेने चालते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने अलीकडच्या वर्षांत मुख्य मंदिराचे खिळखिळे भाग उतरवून पुन्हा बसवण्याचे काम हाती घेतले. ते फार रेंगाळले, ही भाविकांची तक्रार रास्त आहे. पण अशा कामाची रीत समजून घेतली पाहिजे. दगड हलवण्याआधी त्याचे माप, छायाचित्र आणि क्रमांक. मग चेन-पुलीने हलकेच उतरवणे. जमिनीवर थराप्रमाणे मांडणे. झिजलेल्या दगडाच्या जागी नवा घडवणे. आणि मग त्याच क्रमाने परत चढवणे. एक क्रमांक पुसला गेला तर त्या दगडाचे घर शोधायला महिने जातात.

समूहप्रदर्शनातली सर्वांत कठीण गोष्ट मात्र शेजार आहे. एकाच्या चलच्चित्राला अंधार लागतो, शेजारच्याच्या रंगाला उजेड. एकाचा ढोल दुसऱ्याच्या शांततेत शिरतो. मोठे काम आधी आत यायला हवे, नाहीतर लहान कामे लावून झाल्यावर क्रेन फिरवायला वाव उरत नाही. परांची एकच आणि हवी चौघांना. ही सगळी गणिते संयोजकाने आधी सोडवायची असतात. ती सुटली नाहीत तर काय होते हे कोचीत दिसले: 2022 च्या आवृत्तीची मुख्य दालने 12 डिसेंबरला उघडायची होती, ती 23 डिसेंबरला उघडली, आणि तिथल्या तयारीच्या हालांबद्दल कलाकारांनी जाहीर पत्र लिहिले. कल्पनांची उणीव नव्हती. वीज, छत, वाहतूक आणि वेळेवर पैसा या गोष्टी कमी पडल्या, आणि त्याच गोष्टींवर कला उभी असते.

कधीकधी धोका प्रेक्षकाच्या पायाखालून येतो. चिनी कलाकार आय वेइवेइ यांनी 2010 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात चिनी मातीच्या सुमारे 10 कोटी सूर्यफूल-बिया पसरल्या होत्या. जिंगदेझेन या शहरातल्या सुमारे 1600 कारागिरांनी त्या हाताने रंगवल्या. लोकांनी त्यांच्यावरून चालावे अशी कल्पना होती. थोड्याच दिवसांत लक्षात आले की पायांखाली बिया घासून बारीक धूळ उडते आहे आणि ती फुप्फुसांना घातक ठरू शकते. चालणे बंद करावे लागले. खाणीच्या गावात वाढलेल्या कोणालाही ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

त्याच टेटच्या प्रचंड हॉलमध्ये 2002 साली मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनीश कपूर यांनी ‘मार्सियास’ उभे केले: तीन पोलादी कडी आणि त्यांच्यामध्ये ताणलेला लाल पीव्हीसीचा पडदा, हॉलच्या जवळजवळ पूर्ण लांबीला, सुमारे दीडशे मीटर. त्यासोबत अभियंता सेसिल बालमंड यांचे नाव घेतले जाते. हे मला फार योग्य वाटते. ताणलेल्या पडद्याचा आकार शिल्पकाराच्या हातात जितका असतो तितकाच गणिताच्या. पण बालमंड यांचे नाव मिळाले तरी कडी जोडणारे वेल्डर, पडद्याचे पट्टे चिकटवणारे कामगार प्रेक्षकांना माहीत नाहीत. दालनाच्या भिंतीवरच्या पाटीवर एकच नाव असते. चित्रपटाच्या शेवटी स्पॉटबॉयचेही नाव येते. शिल्पाशेजारी सुताराचे का येऊ नये?

वाटणीचे एक चांगले उदाहरण पाचपुते यांच्याच वाटचालीत आहे. वेल्समधल्या कार्डिफ शहरात ‘आर्टेस मुंडी’ नावाचे समूहप्रदर्शन भरते आणि त्यातल्या एका कलाकाराला मोठा पुरस्कार देतात. नववी आवृत्ती कोरोनामुळे लांबून 2021 मध्ये झाली. त्या वेळी 60 हजार पौंडांचा पुरस्कार एकालाच न देता सहाही कलाकारांत समान वाटला गेला, प्रत्येकी 10 हजार. त्या सहांत सास्तीचा हा मुलगा होता. वेल्स हा जुना कोळशाचा मुलुख. तिथल्या खाणकामगारांच्या चळवळीतले फलक आणि आपल्याकडचे मोर्चे यांची सांगड त्यांनी तिथल्या कामात घातली. दोन खाणपट्टे, मध्ये सात समुद्र, आणि फलक धरणाऱ्या हातांची पकड एकच.

एकत्र येऊन जड वस्तू उभी करणे हे गडचिरोलीच्या जंगलात कोणाला शिकवायला नको. माडिया गोंड समाजात मृताच्या स्मरणार्थ दगड उभा करण्याची रीत आहे. गावातली माणसे दगड आणतात, खड्डा खणतात, उभा करतात, आणि तो कोणी उभारला हा प्रश्नच येत नाही, कारण तो गावाने उभारलेला असतो. तिथे पाटी नसते, पण कोणाचे श्रम लपवलेलेही नसतात.

या दोन जिल्ह्यांतून बाहेर खूप काही जाते. कोळसा वीजघरांत जातो, बांबू कागदाला जातो. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून सागवान गेले, 2023 च्या मार्चमध्ये त्याची मोठी शोभायात्रा निघाली. सास्तीच्या कलाकाराची कामे व्हेनिस आणि कार्डिफच्या लोकांनी पाहिली. चंद्रपूरच्या शाळकरी मुलाने ती मोबाइलवर बोटभर आकारात पाहायची, हे बरे नाही. उंच छत, भक्कम जमीन आणि ट्रक आत येईल एवढे दार असलेले एक दालन चंद्रपूर किंवा गडचिरोलीत हवे. जिल्हा नियोजनाच्या निधीतून समाजमंदिरे होतात, तसे हेही होऊ शकते. बुरूड, सुतार, वेल्डर, माडिया तरुण आणि कलाशाळेतली मुले यांनी मिळून पहिले काम तिथे उभारावे, आणि पाटीवर सगळ्यांची नावे लिहावीत. ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींकडे आणि विद्यापीठाकडे करणे आपल्याच हातात आहे, ती कराच.